आन्नाला कुणी विचारलं होतं?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बायझंटाइन आणि सुरुवातीचे रशियन हा विषय मी घेतला, तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलंच, की अगं, आपल्याला त्याच्याशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. रोज पोटगीच्या केसेस आणि पोलीस ठाण्याच्या खेपा करणाऱ्या बायकांना हजार वर्षांपूर्वीची राजेरजवाड्यांची गोष्ट कशाला? माझ्यापुरतं सांगायचं, तर रशियाशी माझी ओळख झाली ती प्रगती आणि रादुगा प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांतून. तुमच्यातल्याही बऱ्याचजणींची तशीच झाली असेल. मग त्या देशाचा जुना इतिहास वाचायला घेतला आणि एका वाक्यापाशी अडले. ९८८ साली कीव्हच्या व्लादिमीरने बायझंटाइन सम्राटाच्या बहिणीशी लग्न केलं आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारला, या अर्थाचं वाक्य. त्यात राजाला नाव आहे, शहराला नाव आहे, धर्माला नाव आहे. बहिणीला नाव नाही. ते शोधता शोधता मी बरीच लांब गेले. आज त्यातलं थोडं तुमच्यापुढे मांडते.

आधी ही माणसं कोण ते सांगते. रोमन साम्राज्याचा पश्चिमेकडचा भाग कोसळला तरी पूर्वेकडचा भाग १४५३ सालापर्यंत टिकला. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. ते लोक ग्रीक बोलत आणि स्वतःला रोमनच म्हणवत. ‘बायझंटाइन’ हे नाव पंडितांनी त्यांना मागाहून दिलं. उत्तरेला नीपर नदीच्या काठी कीव्ह. स्कँडिनेव्हियातून आलेले लढवय्ये व्यापारी आणि स्थानिक स्लाव्ह लोक यांच्या मिश्रणातून तिथे जे राज्य उभं राहिलं, त्याला ‘रुस’ म्हणत. आज युक्रेन, बेलारूस आणि रशिया हे तिघेही त्यावर हक्क सांगतात. हा वाद नुसता पुस्तकी नाही. कीव्हमध्ये राणी ओल्गाचा पुतळा आहे. २०२२ साली रशियाने हल्ला केला तेव्हा तो वाळूच्या पोत्यांनी झाकून टाकावा लागला. आणि तिच्याच नातवाचा, व्लादिमीरचा, भला मोठा पुतळा २०१६ साली मॉस्कोत उभारला गेला.

या दोन देशांमधला व्यापार कशाचा होता? मध, मेण, जनावरांची कातडी आणि माणसं. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने दहाव्या शतकाच्या मध्याला आपल्या मुलासाठी राज्यकारभाराचं एक पुस्तक लिहून ठेवलं. त्यात रुस व्यापाऱ्यांचा नीपरवरचा प्रवास आहे. वाटेत नदीला खडकाळ धबधबे लागत. तिथे होड्या रिकाम्या करून माल काठाने न्यायचा, आणि गुलामांना साखळदंड घालून चालवत न्यायचं. परत येताना रेशीम. दरबारी रेशमी वस्त्रांचं कौतुक आपण संग्रहालयात पाहतो, त्या रेशमाची ही किंमत.

९२२ साली बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान व्होल्गा नदीवर आला होता. तिथे त्याने रुस व्यापारी पाहिले, त्यांनी विकायला आणलेल्या मुली पाहिल्या, आणि एका सरदाराचा अंत्यविधीही पाहिला. सरदार मेला की त्याच्या दासींना विचारायचं, त्याच्याबरोबर कोण जाणार? एक ‘हो’ म्हणाली. एकदा ‘हो’ म्हटल्यावर माघार नाही. तिला पेय पाजलं, गाणी म्हणायला लावली. सरदाराच्या माणसांनी तिच्याशी काय केलं तेही तो लिहितो, मी ते इथे सांगत नाही. शेवटी तिला मारायला होती एक म्हातारी बाईच. तिला ते लोक मृत्यूची देवदूत म्हणत. त्या वेळी बाहेर पुरुष काठ्यांनी ढाली बडवत होते. कशासाठी? तिच्या किंकाळ्या ऐकून बाकीच्या मुली घाबरू नयेत आणि पुढच्या वेळी नाही म्हणू नयेत म्हणून. १९८७ साली देवराला घडल्यावर आपण सतीविरुद्ध रस्त्यावर आलो, तेव्हा ढोल कशाला वाजवतात हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

एवढं वाचून वाटेल की या समाजात बाई म्हणजे नुसता माल. पण तसं सरळ नाही. दहाव्या शतकाच्या चाळीशीत कीव्हचा इगोर आणि बायझंटाइन सम्राट यांच्यात एक तह झाला. त्याचा मसुदा कीव्हच्या मठातल्या भिक्षूंनी बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध केलेल्या बखरीत आहे. तहावर कोणाकोणाचे वकील हजर होते त्याची यादी आहे. तीत इगोरची राणी ओल्गा हिचा स्वतंत्र वकील आहे. प्रेदस्लावा नावाच्या बाईचा आहे. उलेब नावाच्या सरदाराची बायको स्फांद्रा हिचाही आहे. म्हणजे या बायकांचा स्वतःचा व्यापार, स्वतःचा पैसा असणार. दासी असलेली बाई आणि दासी बाळगणारी बाई, दोघी एकाच अंगणात होत्या. आपण ‘बाई’ हा एकच शब्द वापरतो तेव्हा हे विसरतो.

ओल्गाचंच घ्या. ९४५ साली इगोर द्रेव्हल्यान लोकांकडे खंडणी वसूल करायला गेला. एकदा घेतली, पोट भरलं नाही, म्हणून थोडी माणसं घेऊन पुन्हा गेला. त्यांनी त्याला मारलं. मुलगा लहान. आणि ज्यांनी नवऱ्याला मारलं त्यांचाच निरोप आला, की आता आमच्या राजाशी लग्न कर. विधवा म्हणजे राज्यासकट हाती येणारी वस्तू, हा त्यामागचा हिशेब. बखरीत पुढे तिच्या सूडाच्या गोष्टी आहेत. पहिल्या दूतांना होडीसकट जिवंत पुरलं, दुसऱ्यांना न्हाणीघरात जाळलं, नवऱ्याच्या श्राद्धाच्या जेवणात पाच हजार कापून काढले, आणि शेवटी कबुतरं नि चिमण्या यांच्या पायाला पेटता काकडा बांधून त्यांचं गाव पेटवलं. या बऱ्याचशा लोककथा आहेत हे उघड आहे. पण आपल्याकडे वीरांगना म्हटलं की आपण भारावतो, म्हणून सांगते. त्या गावात बायका-मुलंही होती, आणि जे मेले नाहीत त्यातल्या अनेकांना तिने गुलाम म्हणून वाटून टाकलं, असंही तीच बखर सांगते.

मला तिची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिने खंडणी किती घ्यायची ते ठरवून दिलं, आणि ती गोळा करण्याची ठिकाणं नेमली. नवरा ज्या बेहिशेबी वसुलीपायी मेला, ती तिने हिशेबात आणली. पण पुतळ्यावर कोरतात तो तिचा धर्म.

मग ती कॉन्स्टँटिनोपलला गेली. तिच्या स्वागताचं वर्णन दरबारी रीतिरिवाजांच्या ग्रंथात आहे, तोही त्याच सातव्या कॉन्स्टंटाइनच्या नावावरचा. तारखा ९ सप्टेंबर आणि १८ ऑक्टोबर. वर्ष ९५७ असं बहुतेक मानतात, काही जण ९४६ म्हणतात. तिच्याबरोबर नात्यातल्या बायका होत्या, दासी होत्या, दुभाषे होते, ग्रेगरी नावाचा एक पाद्री होता आणि चाळीसहून जास्त व्यापारी होते. धर्मासाठी निघालेली बाई चाळीस व्यापारी घेऊन जात नाही, नाही का? महाराणी हेलेनासमोर बाकीच्या बायकांनी जमिनीवर लोटांगण घातलं. ओल्गाने फक्त मान किंचित लववली. रत्नजडित सोन्याच्या वाडग्यात तिला पाचशे चांदीची नाणी मिळाली. परतीच्या भेटीत दोनशे. हिशेब पक्का ठेवलेला आहे. बाप्तिस्मा घेऊन तिने जे नाव धारण केलं तेही हेलेनाच.

बखरकार भिक्षू मात्र वेगळीच गोष्ट रंगवतो. त्याच्या मते सम्राट तिच्या रूपाबुद्धीवर भाळला आणि त्याने तिला मागणी घातली. ती म्हणाली, आधी तुम्ही स्वतः माझा बाप्तिस्मा करा. मग धर्मपिता झाल्यावर मुलीशी लग्न कसं करणार? सम्राट फसला. गोष्ट मजेशीर आहे. पण सम्राटाची बायको, हेलेना, चांगली जिवंत होती, तिनेच तर मेजवानी दिली. राज्य चालवणारी, तहाची बोलणी करणारी बाई गोष्टीत आणायची तर तिला आधी कुणीतरी मागणी घातली पाहिजे, त्याशिवाय भिक्षूची लेखणी पुढे सरकेना.

आता आन्ना. आपल्याकडे अण्णा म्हणजे थोरला भाऊ. ही दोन भावांची धाकटी बहीण. १३ मार्च ९६३ रोजी जन्मली, आणि दोनच दिवसांनी तिचा बाप, सम्राट दुसरा रोमानोस, वारला. कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात जांभळ्या दगडाचं एक दालन होतं. गादीवरच्या सम्राटाची मुलं तिथे जन्मत. अशा मुलीला ‘जांभळ्यात जन्मलेली’ म्हणत, आणि ती परक्याला द्यायची नाही असा दंडक होता. सातव्या कॉन्स्टंटाइनने, म्हणजे आन्नाच्या आजोबांनीच, आपल्या पुस्तकात मुलाला बजावून ठेवलं होतं, की उत्तरेकडच्या लोकांनी कधी मुलगी मागितली तर द्यायची नाही. ९६८ साली जर्मन सम्राटाचा दूत अशीच मागणी घेऊन आला, तर त्याला अपमान करून परत पाठवलं. कुळाची शुद्धता मुलीच्या शरीरात ठेवायची आणि तिच्यावर पहारा बसवायचा, हे आपल्याला नवं नाही.

आणि मग भावाची गादी डळमळली. ९८७ साली बार्दास फोकास या सेनापतीने बंड करून स्वतःला सम्राट घोषित केलं. आन्नाचा थोरला भाऊ दुसरा बेसिल याच्याकडे सैन्य पुरेना. त्याने कीव्हच्या व्लादिमीरकडे मदत मागितली. व्लादिमीरने माणसं पाठवली. आर्मेनियाच्या एका इतिहासकाराने आकडा सहा हजार दिला आहे. बंड मोडलं, बेसिल तरला. किंमत काय? बहीण. बखरीत क्रम थोडा निराळा आहे. तिथे व्लादिमीर क्रिमियातलं खेर्सोन हे ग्रीक शहर जिंकतो, आणि मुलगी द्या नाहीतर तुमच्या राजधानीचंही हेच करतो अशी धमकी देतो. इतिहासकार अजून यावर भांडतात. मुलगी सैनिकांच्या बदल्यात गेली की शहराच्या बदल्यात, हा त्यांच्या भांडणाचा विषय. लग्न झाल्यावर व्लादिमीरने खेर्सोन ग्रीकांना परत दिलं, आणि बखर त्यासाठी जो शब्द वापरते त्याचा आपल्या मराठीतला नेमका अर्थ देज. एका बाईचं देज, एक अख्खं शहर.

ती जायला तयार नव्हती. हे त्या भिक्षूनेही नाकारलेलं नाही, हे त्याचं श्रेय. ती भावांना म्हणाली, की मी जणू कैदेत चालले आहे, इथेच मेले असते तर बरं झालं असतं. भावांनी समजूत घातली, की तुझ्यामुळे त्या लोकांना देव सापडेल आणि आपला देश युद्धातून वाचेल. ती नातलगांचा निरोप घेऊन रडत गलबतात बसली. पंचविशीतली बाई. राजधानी, ग्रंथ, भाषा, सगळं सोडून एका माणसाकडे निघाली, ज्याच्याविषयी तिने काय ऐकलं असेल?

ऐकलं असेल ते सांगते. व्लादिमीर हा ओल्गाच्या मुलाला मालुशा नावाच्या बाईपासून झालेला. ही मालुशा ओल्गाच्याच घरात किल्ल्या सांभाळणारी दासी. पुढे व्लादिमीरने पोलोत्स्कच्या राजाची मुलगी रोग्नेदा हिला मागणी घातली. नवरीने नवऱ्याचे जोडे काढायची तिथे रीत होती. रोग्नेदा म्हणाली, दासीच्या पोराचे जोडे मी काढणार नाही. त्या नकारात तिचा स्वाभिमान आहे आणि कुळाचा माजही, दोन्ही आहेत. व्लादिमीरने पोलोत्स्क जिंकलं, तिच्या बापाला आणि दोन भावांना ठार केलं आणि तिला बळजबरीने बायको केलं. मग तिला मुलं झाली. एका बखरीत अशी हकिकत आहे, की एके रात्री तो झोपलेला असताना तिने त्याच्यावर सुरा उगारला. तो जागा झाला. त्याने तिला राणीचा पोशाख करून शेजेवर बसायला सांगितलं, म्हणजे तो येऊन मारणार. तिने लहानग्या मुलाच्या हातात नागवी तलवार दिली आणि बाप आत आला की काय बोलायचं ते शिकवलं. बापाने पोराला बघून तलवार टाकली. आपल्या संस्थेत येणाऱ्या किती जणी पोराला मध्ये उभं करून वाचलेल्या असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शिवाय त्याने ठार करवलेल्या भावाची ग्रीक विधवाही ठेवली होती. ती मूळची जोगीण, लढाईत धरून आणलेली. आणि तीन गावांत मिळून आठशे रखेल्या होत्या, असं बखर म्हणते. भिक्षूला धर्मांतराआधीचं पाप जितकं मोठं दाखवता येईल तितकं हवंच होतं, म्हणून आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. पण याच माणसाला आज संत म्हणून पूजतात, आणि ‘प्रेषितांच्या तोडीचा’ म्हणतात.

आन्ना बावीस-तेवीस वर्षं कीव्हमध्ये राहिली आणि १०११ च्या सुमारास तिथेच वारली. अँटिऑकचा याह्या नावाचा इतिहासकार लिहितो, की रुसच्या भूमीत तिने पुष्कळ चर्चेस बांधवली. म्हणजे ती नुसती रडत बसली नाही. मिळालेल्या कैदेत तिने काम उभं केलं. पण नवा धर्म आणला कुणी? पुस्तकात व्लादिमीरने.

धर्म आला तसं काय झालं? पेरून देवाची मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून नदीपर्यंत ओढत नेली, बारा माणसं तिला काठ्यांनी बडवत होती. लोकांना नदीत उतरवून बाप्तिस्मा दिला. हे सगळीकडे छापलेलं असतं. त्यापुढची एक ओळ मात्र सहसा गाळतात. व्लादिमीरने मोठ्या घरांतली मुलं ग्रंथ शिकायला म्हणून उचलून नेली, आणि त्यांच्या आया, अजून नव्या धर्मात पक्क्या न झालेल्या, मुलं मेल्यासारख्या त्यांच्यासाठी रडल्या. मी ही ओळ वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. शिक्षण हवंच, मी स्वतः शिक्षिका आहे. पण त्या आयांना कुणी काही सांगितलं होतं का, विचारलं होतं का?

कायद्याचं थोडक्यात सांगते. आन्नाच्या सावत्र मुलाच्या, यारोस्लाव्हच्या, काळापासून ‘रुस्काया प्राव्दा’ हा कायदा तयार होत गेला. मुक्त पुरुषाच्या खुनाला दंड चाळीस ग्रिव्ना. बाईच्या बाबतीत वीस हा आकडा येतो. दासीची किंमत सहा. शेतकरी मुलाशिवाय मेला तर त्याची मालमत्ता राजाकडे, लग्न न झालेल्या मुलींना थोडासा वाटा. सरदाराच्या मुलींना मात्र वारसा. पण याच कायद्यात एक कलम आहे, ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. विधवेला घरात राहायचं असेल आणि मुलांना ती नको असेल, तर आईची इच्छा चालेल, मुलांची नाही. आणि मुलगे जर वाईट वागले तर तिने आपली मिळकत तिला पोसणाऱ्या मुलीला द्यावी. यारोस्लाव्हच्या नावावर जो चर्चचा कायदा आहे, त्यात असंही आहे, की मुलीला मनाविरुद्ध लग्नाला भाग पाडलं आणि तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं, तर आईबापांना त्याचा जाब द्यावा लागेल. कायदा होता म्हणजे पाळला जात होता असं नव्हे. पण असा कायदा करावा लागला, म्हणजे काय काय घडत होतं ते कळतं.

आता लिहिणाऱ्या बायकांविषयी. कॉन्स्टँटिनोपलची राजकन्या आन्ना कोम्निनी, जन्म १०८३. हिने बापाच्या कारकिर्दीचा पंधरा भागांचा इतिहास लिहिला, ‘अलेक्सियाद’. लढाया, तह, सैन्याच्या हालचाली, सगळं त्यात आहे. १९९६ साली एका इंग्रज इतिहासकाराने निबंध लिहिला, की लढायांचं इतकं तपशिलवार लिहिणं बाईला जमणार नाही, यातलं बरंचसं तिच्या नवऱ्याच्या टिपणांवरून आलं असणार. बाकीच्या अभ्यासकांनी त्याला चांगलंच खोडून काढलं. पुढे जाऊ.

कारण मला ज्या बायकांकडे यायचं आहे, त्या राजकन्या नाहीत. उत्तरेला नोव्हगोरोद नावाचं शहर आहे. तिथली माती इतकी ओली आणि दाट, की लाकूड, कातडं, झाडाची साल त्यात शतकानुशतकं कुजत नाही. २६ जुलै १९५१ रोजी तिथल्या उत्खननावर काम करणाऱ्या नीना अकुलोवा या मजूर बाईला चिखलात सालीची एक गुंडाळी दिसली. तिच्यावर अक्षरं कोरलेली होती. आपण ज्याला भूर्जपत्र म्हणतो तेच ते झाड. पण आपल्या भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या गेल्या, आणि तिथे लोकांनी बाजाराची यादी, उधारी, भांडणं, निरोप लिहिले. आजवर एकट्या नोव्हगोरोदात अशी अकराशेहून अधिक पत्रं सापडली आहेत, अकराव्या ते पंधराव्या शतकातली. त्यातली कितीतरी बायकांची. काही त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतली असतील. बोलणं मात्र त्यांचं.

१९९३ साली एक सापडलं, अकराव्या शतकाच्या अखेरचं. एक बाई एका पुरुषाला लिहिते. मी तुला तीनदा निरोप पाठवला, या आठवड्यात तू आला नाहीस, माझ्याविषयी मनात काय धरलं आहेस? तुला माझं पाठवणं आवडलं नाही असं दिसतं, आवडलं असतं तर लोकांच्या नजरा चुकवून आला असतास. माझ्या अडाणीपणामुळे मी तुला दुखावलं असेल आणि तू माझी थट्टा करायला लागलास, तर देव आणि मी तुझा न्याय करू. देव *आणि मी*, बरं का! हे पत्र फाडून टाकलेलं सापडलं.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक पत्र आन्नाचं, तिसरी आन्ना, साधी बाई. भाऊ क्लिम्याता याला लिहिलेलं. कोस्न्यातिन नावाच्या माणसाने तिच्यावर जामिनकीचा आरोप केला आणि तिला नि तिच्या मुलीला चारचौघांत वेश्या म्हटलं. नवरा फ्योदोर गावाहून आला, हे ऐकलं, आणि त्याने खरं-खोटं न करता तिला घराबाहेर काढलं, मारायलाही उठला. ती रडगाणं गात नाही. भावाने कोस्न्यातिनला लोकांसमोर काय विचारायचं, ते वाक्यन् वाक्य लिहून देते. आणि शेवटी म्हणते, साक्षीदार उभे राहिले आणि माझ्यावरचा आरोप खरा ठरला, तर मी तुझी बहीण नाही. तक्रार अर्ज कसा लिहावा हे शिकवायला मी हे पत्र वापरते.

आणि बाराव्या शतकातलं, पहिल्याच वर्षी सापडलेलं, नववं पत्र. गोस्त्याता वासिलला लिहिते. माझ्या वडिलांनी मला जे दिलं आणि नातेवाइकांनी वर जे घातलं, ते सगळं त्याच्याकडे आहे. आता तो दुसरी बायको करतो आहे आणि मला काहीच देत नाही. त्याने मला काढून टाकलं आणि दुसरी आणली. कृपा कर, ये.

एवढंच पत्र आहे. वासिल तिचा कोण, भाऊ की आणखी कोणी, हे त्यात नाही. ज्या लेखण्यांनी ही अक्षरं कोरली त्याही त्या चिखलात सापडल्या आहेत, हाडाच्या, लोखंडाच्या, काहींना वरच्या टोकाला भोक पाडलेलं, कमरेला अडकवता यावं म्हणून.